दारू पिऊन गाडी: नाक्यावरच्या मशीनपासून सी. ए. रिपोर्टपर्यंत

सिव्हिलवाला
मद्यपी चालकाने कुणाला चिरडलं अशी बातमी आली की प्रतिसादांत दोन वाक्यं हमखास येतात. दंड वाढवा, आणि पैसेवाल्यांना काही होत नाही. दंड २०१९ मध्ये वाढलाच आहे. दुसऱ्या वाक्यात तथ्य आहे, पण त्याचं कारण मला कलमांपेक्षा अपघात आणि रक्ताचा नमुना यांच्या मधल्या तासांत जास्त सापडतं. जिल्हा आणि उपजिल्हा रुग्णालयांच्या अपघात विभागात मी बरीच वर्षं रात्रपाळी केली. पोलिसांनी आणलेल्या चालकांचं रक्त काढलं, नंतर कोर्टात साक्षी दिल्या. त्या बाजूने लिहितो, कलमांचं काटेकोर इथले वकील सांगतील.

मूळ कलम मोटार वाहन कायदा १९८८ चं १८५. दर १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं की गुन्हा. पहिल्यांदा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडलात तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पंधरा हजार किंवा दोन्ही. २०१९ च्या आधी हेच दंड दोन आणि तीन हजार होते.

नाक्यावरचं मशीन रक्त बघत नाही, श्वास बघतं. चांगल्या मशीनमध्ये फ्युएल सेल असतो. श्वासातल्या अल्कोहोलचं प्लॅटिनमच्या पत्र्यावर ऑक्सिडीकरण होतं, त्यातून बारीकसा विद्युतप्रवाह निघतो. अल्कोहोल जास्त तितका प्रवाह जास्त. फुप्फुसाच्या तळाशी हवा आणि रक्त समोरासमोर येतात, आणि तिथे २१०० मिली हवेत जेवढं अल्कोहोल असतं तेवढं एक मिली रक्तात असतं असं धरून मशीन आकडा काढतं. म्हणून पोलीस "जोरात, अजून, अजून" म्हणत राहतात. गालातली हवा उपयोगाची नाही, तळातली लागते.

रक्ताचं काम वेगळं. आपल्याकडे त्यासाठी १९५९ पासून मुंबई दारूबंदी कायद्याखालचे वैद्यकीय तपासणी आणि रक्तचाचणीचे नियम आहेत. ते किती बारकाईने लिहिलेत हे बाहेर फारसं कुणाला माहीत नसतं. शिरेतलं किमान ५ सी. सी. रक्त घ्यायचं. त्वचा निर्जंतुक पाण्याने पुसायची, कुठल्याही टप्प्यावर अल्कोहोलचा स्पर्श होता कामा नये. पहाटे तीनला कॅज्युअल्टीत सिस्टर सवयीने स्पिरिटचा बोळा पुढे करतात. तो हात थांबवायचा आणि डिस्टिल्ड वॉटरचा बोळा मागायचा. रक्त अशा बाटलीत घालायचं ज्यात ते गोठू न देणारं आणि टिकवणारं रसायन आहे, साधारणपणे पोटॅशियम ऑक्झलेट आणि सोडियम फ्लोराइड. मग बाटली जोरजोरात हलवायची. फ्लोराइड नसेल किंवा नीट मिसळलं नसेल तर जंतू बाटलीतच अल्कोहोल तयार करू शकतात, असलेलं खाऊही शकतात. मग लेबल, बुचावर लाख, लाखेवर डॉक्टरचं सील. त्याच सिलाचा ठसा सोबतच्या पत्रावर. नमुना सात दिवसांत प्रयोगशाळेत पोचायला हवा. तिथे गॅस क्रोमॅटोग्राफीवर तपासणी होते आणि जो कागद येतो त्याला पोलीस ठाण्यात सगळे सी. ए. रिपोर्ट, म्हणजे केमिकल अॅनालायझरचा अहवाल म्हणतात.

आता वेळेचं गणित. शरीर दर १०० मिली रक्तातलं तासाला सरासरी १५ मिलिग्रॅम अल्कोहोल संपवतं, कुणाचं दहा, कुणाचं वीस. समजा रात्री अडीचला अपघात झाला आणि तेव्हा चालकाच्या रक्तात १२० होते, म्हणजे मर्यादेच्या चौपट. नमुना सकाळी साडेआठला घेतला. सहा तासांत ९० गेले, उरले ३०. कायदा म्हणतो ३० पेक्षा जास्त. कागदावर हा माणूस सुटला.

पुण्यात १९ मे २०२४ ला कल्याणीनगरला पोर्शने दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला. त्या प्रकरणात नमुनाच बदलल्याचा आरोप आहे आणि डॉक्टरांना अटक झाली. ते वाचून मला त्या रात्री झोप लागली नाही, कारण त्या लाखेच्या सिलावर लोकांचा विश्वास आहे म्हणून आमच्या साक्षीला किंमत आहे. त्याच वर्षी जुलैत वरळीला बीएमडब्ल्यूखाली एक महिला गेली. चालक पळाला आणि दोन दिवसांनी सापडला. दोन दिवसांनंतर रक्तात काय शोधणार? हा धागा त्या तासांबद्दल आहे.

गिरगावकर_७१
उत्तम धागा, वाचनखूण साठवली. डॉक्टर, एक सरळ प्रश्न. ३० मिग्रॅ म्हणजे नक्की किती? आमच्या गटात "एक बिअर चालते" हे सगळे वेदवाक्य धरून चालतात.

सिव्हिलवाला
@गिरगावकर, चालत नाही. हिशोब मांडतो, कुणीही पडताळून पाहा.

अल्कोहोल शरीरातल्या पाण्यात पसरतं. पुरुषाच्या वजनाचा अंदाजे ०.७ भाग त्यासाठी धरतात, बाईचा ०.५५ च्या आसपास. ७० किलोचा पुरुष घेतला तर ३० मिग्रॅची पातळी गाठायला साधारण १५ ग्रॅम अल्कोहोल पुरतं.

६५० मिलीची पाच टक्क्यांची बिअरची बाटली: सुमारे २५ ग्रॅम. पातळी पन्नाशीच्या पुढे. स्ट्राँग बिअर आठ टक्क्यांची असेल तर एका बाटलीत ४० ग्रॅम. व्हिस्कीचा ६० मिलीचा लार्ज: २० ग्रॅम, पातळी चाळीसच्या आसपास. ३० मिलीचा स्मॉल: १० ग्रॅम, हा पुरुष विशीत राहतो. पण ५० किलोची बाई त्याच स्मॉलवर ३५ च्या पुढे जाते.

हे रिकाम्या पोटाचे ढोबळ आकडे आहेत. जेवणाने चढ मंदावतो. पण त्याच मंदपणामुळे शेवटचा पेग संपल्यावर तासभर पातळी चढतच असते, आणि माणूस नेमका तेव्हा गाडीत बसतो. लिंबू-पाणी, काळी कॉफी, ताक, गार पाण्याने अंघोळ यांनी पातळी एक मिलिग्रॅमनेही उतरत नाही.

नाना_ट्रान्सपोर्ट
डॉक्टरसाहेब, आमच्या धंद्याच्या दृष्टीने सकाळचं पण सांगा. रात्री पिऊन झोपलेला ड्रायव्हर सकाळी सहाला गाडी काढतो. मी गेटवर मशीन ठेवलंय. रात्री कुणी किती प्यायला ते विचारत नाही, सकाळी फुंकायला लावतो. तोंड धुतलेलं, भांग पाडलेला, डोळे स्वच्छ, आणि मशीन चाळीस-पन्नास दाखवतं. ड्रायव्हर शपथ घेतो की रात्रीनंतर थेंब नाही. तो खरं बोलत असतो.

सिव्हिलवाला
नाना, तुम्ही करताय ते फार मोलाचं आहे. रात्री बाराला १५० असलेला माणूस सकाळी सहाला ६० वर असतो. त्याला स्वतःला बरं वाटतं, थोडं डोकं जड एवढंच. वैमानिकांना आपल्याकडे उड्डाणाआधी बारा तास दारू वर्ज्य आहे आणि फुंकर शून्य लागते. पहिल्यांदा सापडला तर तीन महिने परवाना निलंबित, दुसऱ्यांदा तीन वर्षं. पन्नास प्रवाशांच्या खासगी बसच्या चालकासाठी ३० कशाला हवेत, हे मला आजवर कुणी पटवून देऊ शकलेलं नाही.

काळा_कोट
डॉक्टरांनी विज्ञान सांगितलं, मी कलमांची बाजू मांडते. मॅजिस्ट्रेट कोर्टात या केसेस रोज बघते.

आधी एक गैरसमज. १८५ चा गुन्हा जागेवर पैसे भरून मिटत नाही. हेल्मेट, सिग्नल यांची तडजोड रक्कम भरता येते, १८५ ची नाही. कोर्टात जावंच लागतं. लायसन्स जप्त करून आरटीओकडे निलंबनासाठी पाठवायची तरतूद कलम २०६ मध्ये २०१९ साली आली. "साहेब, जागेवर मिटवा" म्हणणारा दुसराच गुन्हा करतोय.

कलम २०३: गणवेशातल्या पोलिसाला, किंवा मोटार वाहन विभागाच्या अधिकाऱ्याला, वाजवी संशय आला तर तो फुंकायला सांगू शकतो. नकार दिलात आणि संशयाला कारण असेल तर वॉरंटशिवाय अटक. कलम २०४: अटकेनंतर ठाण्यात पोलिसांनी आणलेल्या डॉक्टरला रक्त द्यायला सांगता येतं. महिलेचं रक्त महिला डॉक्टरनेच किंवा दुसऱ्या महिलेच्या हजेरीत घ्यायचं. कलम २०५: वाजवी कारणाशिवाय नकार दिलात तर तो नकारच सरकारी पुराव्याला बळकटी देणारी परिस्थिती धरता येतो. म्हणजे "मी फुंकणारच नाही, मग काय करतील" हा सल्ला देणारे मित्र तुम्हाला खड्ड्यात घालतायत.

आता डॉक्टरांच्या तासांकडे येते. कलम २०२ म्हणतं, १८५ खाली अटक केलेल्याची दोन तासांत वैद्यकीय तपासणी व्हायला हवी, नाहीतर त्याला कोठडीतून सोडायचं. हे दोन तास अटकेपासून मोजायचे. अपघातापासून नमुन्यापर्यंत किती वेळ गेला तर चालेल, यावर कायद्यात आकडा नाही. फुंकर शक्य तितक्या लवकर घ्यावी एवढंच म्हटलंय. सगळा खेळ या फटीत होतो. आणि जो पळाला त्याच्यासाठी घड्याळ सुरूच होत नाही.

तिसरी_बाजू
थोडा विरोधी सूर लावतो, राग नसावा. मशीनवर इतका विश्वास का? माझ्या ओळखीच्या गृहस्थांनी खोकल्याचं औषध घेतलं होतं, मशीनने दारू दाखवली. माउथवॉशचं तेच. एखाद्या निर्दोष माणसाचं लायसन्स, नोकरी, अब्रू जाते त्याचं काय? शिवाय एकच पाइप सगळ्यांच्या तोंडाला.

सिव्हिलवाला
प्रश्न रास्त आहे.

माउथवॉश, अल्कोहोल असलेलं खोकल्याचं औषध, होमिओपॅथीचे थेंब, नुकतीच आलेली आंबट ढेकर, यांतून तोंडात अल्कोहोल राहतं. ते फुप्फुसातून आलेलं नसतं, पण मशीनला फरक कळेलच असं नाही. ते पंधरा मिनिटांत उडून जातं. म्हणून आकडा अनपेक्षित वाटला तर शांतपणे म्हणा की मी अमुक घेतलंय, पंधरा मिनिटं थांबून पुन्हा चाचणी घ्या. २०३ मध्ये एकाहून अधिक नमुन्यांची सोय आहे, आणि अटक झालीच तर ठाण्यात पुन्हा फुंकायची संधी द्यावीच लागते. खरी दारू असेल तर पंधरा मिनिटांत आकडा फारसा हलत नाही.

आसव-अरिष्टांबद्दलही बरेच जण विचारतात. द्राक्षासवात आंबवण्यातून तयार झालेलं अल्कोहोल असतंच. दोन चमच्यांनी रक्तातली पातळी ३० वर जात नाही, पण घेतल्या घेतल्या फुंकलं तर तोंडातलं दिसेल. उपाय तोच, पंधरा मिनिटं. मधुमेह्यांच्या श्वासात कधीकधी ॲसिटोन असतं, त्याला फ्युएल सेल जवळपास दाद देत नाही. ऑनलाइन मिळणारी स्वस्त सेमीकंडक्टर मशीनं मात्र फसतात. नाना, तुमचं कुठलं आहे ते बघून घ्या.

पाइप प्रत्येक माणसाला नवीन हवा. पाकीट समोर फोडायला सांगा, हा हट्ट नाही. चिठ्ठीवर वेळ, आकडा आणि मशीनचा क्रमांक असतो, तो वाचा. मशीनचं कॅलिब्रेशन कधी झालं हे तुमचा वकील कोर्टात विचारू शकतो. चिठ्ठी थर्मल कागदाची असते, काही महिन्यांत पुसट होते. तपास अधिकाऱ्यांना मी नेहमी सांगायचो, लगेच झेरॉक्स काढून ठेवा. कोर्टात कोरा कागद दाखवून काय सिद्ध करणार?

कोविडच्या काळात, २०२० मध्ये, मुंबईत मशीनं बंद ठेवून संशयितांना थेट रक्तचाचणीला नेत होते. तोंडाला पाइप न लावताही काम होतं, माणसं मात्र जास्त लागतात.

मेलबर्नकर
इथली पद्धत सांगतो, तुलना उपयोगी पडेल. व्हिक्टोरियात १९७६ पासून सरसकट श्वासचाचणी आहे. इथे पोलिसांना संशयाची गरजच नाही. रस्त्यात बूझ बस उभी असते, येईल त्या गाडीला बाजूला घेतात. मी ऑफिसला जाताना सकाळीही फुंकलंय, आणि पोराच्या क्रिकेट मॅचवरून येतानाही. मर्यादा ५०, पण शिकाऊ आणि नव्या लायसन्सवाल्यांना शून्य. २००४ पासून लाळेवरून ड्रग्जचीही चाचणी होते.

लोक बदलतात ते दंडाला घाबरून कमी आणि "आज पकडला जाणारच" या खात्रीने जास्त, हे इथे राहून पटलंय. आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीनंतरच्या जेवणावळीतही प्रत्येक गाडीमागे एक न पिणारा आधीच ठरलेला असतो. त्याला कुणी आग्रह करत नाही.

हडसनकाठ
अमेरिकेतलं थोडं. बहुतेक राज्यांत मर्यादा ८०, यूटामध्ये २०१८ अखेरपासून ५०. पण इथे मशीनआधी रस्त्यावर शरीराची परीक्षा होते. तीन प्रमाणित चाचण्या आहेत, सत्तरच्या दशकातल्या संशोधनातून ठरलेल्या. पहिलीत डोळ्यांसमोर पेन आडवं फिरवतात आणि बुबुळं झटके देतात का बघतात. दुसरीत सरळ रेषेत टाचेला बोटं लावत नऊ पावलं जायचं, वळायचं, नऊ पावलं परत. तिसरीत एक पाय जमिनीपासून थोडा उचलून मोठ्याने आकडे मोजायचे. प्रत्येकीत ठरलेल्या चुका मोजतात. बुबुळांच्या चाचणीत सहापैकी चार, चालण्यात आठपैकी दोन, एका पायावर चारपैकी दोन खुणा दिसल्या की संशय पक्का. सगळं कॅमेऱ्यात येतं. आपल्याकडे असं काही आहे का?

सिव्हिलवाला
@हडसनकाठ, रस्त्यावर नाही, रुग्णालयात आहे. डॉक्टर श्वासाचा वास, बोलणं, चाल, बाहुल्या, डोळे मिटून तोल, बोट नाकाला लावणं, दिवस-वार विचारणं हे सगळं बघून फॉर्मवर लिहितो. अडचण अशी की हे त्या त्या डॉक्टरवर अवलंबून राहतं. डोक्याला मार लागलेला माणूसही अडखळतो. साखर खाली गेलेला मधुमेही हुबेहूब प्यायल्यासारखा दिसतो, आणि त्याला दारुडा समजून बाकावर बसवून ठेवलं तर जीव जाऊ शकतो. म्हणून वास आला तरी ग्लुकोमीटर आधी लावायचा, हे मी प्रत्येक नव्या डॉक्टरला सांगायचो.

काळा_कोट
आणि कोर्ट एवढ्यावर समाधानी नसतं. बच्चूभाई हसनअली कार्यानी विरुद्ध महाराष्ट्र राज्य, १९७१. डॉक्टरने लिहिलं होतं: श्वासाला दारूचा वास, चाल डळमळीत, बोलणं असंबद्ध, बाहुल्या विस्फारलेल्या. रक्त-लघवी तपासली नव्हती. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, एवढ्यावर माणूस दारूच्या अमलाखाली होता असं म्हणता येत नाही.

उलट बाजूला कार्टर रोडचं प्रकरण. १२ नोव्हेंबर २००६ च्या पहाटे वांद्र्यात फुटपाथवर झोपलेल्या मजुरांवर गाडी गेली, सात मृत्यू, आठ जखमी. चालकाच्या रक्तात ०.११२ टक्के, म्हणजे ११२ मिग्रॅ अल्कोहोल सापडलं. खालच्या कोर्टाने निष्काळजीपणाचा गुन्हा धरून सहा महिने दिले होते, उच्च न्यायालयाने सदोष मनुष्यवधात तीन वर्षं दिली, आणि जानेवारी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. शिक्षा कमी वाटत असेल तर मलाही वाटते. पण रक्ताचा आकडा हाताशी होता म्हणून निदान तिथवर पोचता आलं.

आज भारतीय न्याय संहितेत निष्काळजीपणाने मृत्यू घडवण्याला कलम १०६(१) खाली पाच वर्षांपर्यंत कैद आहे, पूर्वी दोन होती. १०६(२) मध्ये अपघात करून पोलिसांना न कळवता पळणाऱ्याला दहा वर्षांपर्यंतची तरतूद आहे. पण १ जुलै २०२४ ला संहिता लागू झाली तेव्हा नेमकं हेच उपकलम बाजूला ठेवलं गेलं.

नाना_ट्रान्सपोर्ट
ताई, ते बाजूला का ठेवलं हेही लिहा. याच उपकलमाविरुद्ध ड्रायव्हरांनी केलेला जानेवारी २०२४ चा संप आठवत असेल, पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या होत्या. ड्रायव्हर दारूमुळेच पळतो असं नाही. जमाव जमतो, काच फोडतो, माणसाला खाली ओढतो. आमच्या एका पोराला, न प्यायलेल्या, चूक समोरच्या मोटारसायकलची असताना, इतकं मारलं की महिनाभर अंथरुणात होता. थांबला असता तर वाचला असता का, हे मला कुणी सांगावं. बारा-पंधरा हजार पगारात दहा वर्षांची भीती घेऊन कोण स्टिअरिंग धरेल?

सिव्हिलवाला
नाना, जमावाच्या माराचे पेशंटही माझ्याच टेबलावर यायचे, त्यामुळे तुमचं दुःख कळतं. पण एक बघा. कायद्याची अपेक्षा तिथेच उभं राहण्याची नाही, कळवण्याची आहे. जीव वाचवून थेट जवळच्या ठाण्यात गेलेल्या ड्रायव्हरला फुंकर द्यायची भीती नसते. शून्य आलं तर तीच चिठ्ठी त्याची ढाल. वेळ वाया जावा म्हणून पळतो तो वेगळा, आणि दोघांना एकाच मापाने मोजावं लागतं कारण त्या वेळेवर कायद्याचा दाब नाही. तुमच्या सगळ्या ड्रायव्हरांना हे सांगून ठेवा: ठाणं गाठा, आणि स्वतःहून म्हणा, माझी चाचणी घ्या, वेळ लिहा.

गिरगावकर_७१
अवांतर नाही, पण गांजा आणि गोळ्यांचं काय? हल्ली ते जास्त आहे.

काळा_कोट
१८५ च्या दुसऱ्या भागात ड्रग्ज आहेत, पण तिथे आकडा नाही. "गाडीवर नीट ताबा ठेवता येऊ नये इतका अंमल" सिद्ध करावा लागतो, आणि २०३ ची रस्त्यावरची चाचणी श्वासातल्या अल्कोहोलपुरती आहे. इंग्लंडने २०१५ पासून सतरा ड्रग्जना रक्तातल्या मर्यादा ठरवून दिल्या. जर्मनीने ऑगस्ट २०२४ मध्ये गांजासाठी आकडा ठरवला. आपल्याकडे अजून डॉक्टरच्या निरीक्षणावर मदार आहे.

सिव्हिलवाला
त्यात भर एवढीच की गांजाचे अंश लघवीत कित्येक दिवस दिसतात. लघवीत सापडलं म्हणजे त्या क्षणी अंमल होता असं म्हणता येत नाही. इथे आकडा ठरवणं दारूइतकं सोपं नाही, आणि जो ठरवेल त्याने घाई करू नये.

सई_दे
आधी वाचनमात्र होते, आज लिहिते. माझा भाऊ गेल्या वर्षी गेला. रात्री शिफ्ट संपवून बाइकवर घरी येत होता, मागून गाडीने उडवलं. गाडीवाला तिथेच होता, लोकांनी सांगितलं की उभं राहता येत नव्हतं त्याला. पण आधी त्याला एका खासगी दवाखान्यात नेलं, "छातीत दुखतंय" म्हणाला. रक्त घेतलं तेव्हा दुपार झाली होती. रिपोर्टमध्ये मर्यादेच्या आत. आता विमा कंपनीचे वकील एक बोलतात, पोलीस एक बोलतात. वहिनी आणि लहान मुलगी आहे. दादाच्या चुकीने झालं असं कुणी म्हणालं तर ती रात्रभर रडते. डॉक्टर, काळा कोट, आम्ही काय करू शकतो?

सिव्हिलवाला
सईताई, वाचून हात थांबले. तुमच्या दादाची चूक नव्हती, हे वहिनींना परत परत सांगा.

दोन गोष्टी. त्या खासगी दवाखान्याचे केस पेपर पोलिसांमार्फत मागवायला लावा. पहिल्या डॉक्टरने दाखल करताना श्वासाला वास, बोलणं अडखळतंय असं काही लिहिलं असेल तर ते वेळेसकट असतं. तिथे इतर तपासण्यांसाठी पहाटे रक्त घेतलंच असणार, त्याची नोंदही बघायला सांगा. दुसरं, दुपारच्या आकड्यावरून मागे हिशोब करून अपघाताच्या वेळचा अंदाज न्यायवैद्यकशास्त्राचा तज्ज्ञ देऊ शकतो. तासाला दहा ते वीस अशी पट्टी धरावी लागते, त्यामुळे उत्तर एक आकडा नसून टप्पा असतो, पण दुपारी वीस-पंचवीस उरले असतील तर पहाटे काय होतं हे कुणालाही समजेल. दुपारचा आकडा शून्य असेल तर हा रस्ता बंद, तसं स्पष्ट सांगणारी माणसं शोधा, खोट्या आशेने पैसे उकळणारी नकोत.

काळा_कोट
सईताई, फौजदारी खटला आणि भरपाईचा दावा हे दोन वेगळे रस्ते आहेत. एकात तो सुटला तरी दुसरा बंद होत नाही.

भरपाईसाठी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात कलम १६६ खाली दावा. एप्रिल २०२२ पासून सहा महिन्यांची मुदत आली आहे. तिला आव्हान दिलं गेलंय, पण त्या भरवशावर थांबू नका. अजून दाखल केला नसेल तर याच आठवड्यात वकील गाठा आणि उशिराचं कारण लेखी मांडा. तिथे वाजवी शंकेपलीकडे सिद्ध करावं लागत नाही, शक्यतेचं पारडं बघतात. निष्काळजीपणा दाखवायला दारूचा आकडा लागतच नाही. मागून धडक, पंचनाम्याचा नकाशा, साक्षीदार, सीसीटीव्ही यांवर दावा उभा राहतो.

विमा कंपनी "आमचा चालक प्यायलेला होता, म्हणून आम्ही देणं लागत नाही" म्हणत असेल तर घाबरू नका. बाहेरच्या बळीला कंपनीने आधी पैसे द्यायचे आणि मग मालकाकडून वसूल करायचे, असा आदेश न्यायाधिकरणाकडे मागता येतो, असे आदेश दिले जातात. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचं मात्र वेगळं. एप्रिल २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतल्या इंडिया गेटजवळ २००७ साली आदळलेल्या एका पोर्शचा दावा फेटाळला. त्यात ना फुंकर होती ना रक्त, वैद्यकीय कागदावर दारूचा वास एवढंच आणि बाकी परिस्थिती. विम्याच्या प्रश्नाला ते पुरलं. १९७१ च्या फौजदारी निकालाशेजारी ठेवून वाचलात तर दोन रस्त्यांचा फरक कळेल.

आणखी एक. २०२२ च्या नियमांप्रमाणे तपास अधिकाऱ्याने अपघाताचा पहिला अहवाल ४८ तासांत न्यायाधिकरणाला द्यायचा, अंतरिम अहवाल ५० दिवसांत, सविस्तर अहवाल ९० दिवसांत. हे तुमच्या कुटुंबालाही मिळायला हवेत. ठाण्यात तोंडी विचारू नका, अर्ज द्या आणि पोच घ्या. अर्जात तीन वेळा मागा: अपघाताची खबर मिळाल्याची, ताब्यात घेतल्याची, आणि रक्त काढल्याची. डॉक्टरांच्या फॉर्मवर तिसरी वेळ असतेच. पहिल्या आणि तिसऱ्यामध्ये इतके तास का गेले, हे उलटतपासात त्या अधिकाऱ्याला सांगावं लागेल.

कुठल्या जिल्ह्यात आहात ते मला खासगी संदेशात कळवा. तिथल्या न्यायाधिकरणात काम करणारे ओळखीचे कुणी असतील तर नाव देते. फी आधी विचारून घ्या, आणि टक्केवारीवर काम करू म्हणणाऱ्याकडे जाऊ नका.

सई_दे
संदेश केलाय. केस पेपरचा अर्ज उद्या वहिनीच्या सहीने देते. डॉक्टर, फॉर्मवरची वेळ पोलीस लिहितात की डॉक्टर?

सिव्हिलवाला
डॉक्टर, स्वतःच्या अक्षरात. बाजूला रुग्णालयाच्या एमएलसी (पोलीस केसच्या रुग्णांच्या) रजिस्टरचा क्रमांक असतो, तोही उतरवून घ्या. रजिस्टरमध्ये वेळ वेगळी निघाली तर वकिलांना लगेच सांगा.